वास येतो, शून्य टक्के

सुभद्रा राऊत यांच्या नाकाबद्दल आमच्या ऑफिसात जेवढं बोललं गेलं, तेवढं कामाबद्दल बोललं गेलं असतं तर खात्याची भरभराट झाली असती. दिसायला ते नाक अगदी साधं होतं. थोडं बसकं, डावीकडे चमकी, आणि उन्हात चालून आल्या की शेंड्यावर घामाचा एक थेंब. अशा नाकाकडे कोणी दुसऱ्यांदा वळून पाहत नाही. पण आठ वर्षं त्या नाकाने दोन साहेब, एक मेडिकल बोर्ड आणि आमचा आस्थापना लिपिक सदानंद तांबे यांना जेरीस आणलं. राऊतबाई स्वतः जेवढ्या दमल्या, त्याचा तर हिशेबच कोणी ठेवला नाही.

बाई गिरीजच्या. नवरा नरहरी वाडी करायचा. केळी, नारळ, मोगरा, थोडी भाजी. बाई वसई तालुक्यातल्याच एका सरकारी कार्यालयात रेकॉर्ड सांभाळायच्या. खात्याचं नाव सांगत नाही, कारण माझा पगार अजून तिथूनच येतो. कौलारू इमारत, दगडी भिंती, मोठ्या खिडक्या, आणि मागच्या खोलीत चाळीस वर्षांच्या फायली. कुठली फाईल कुठे आहे हे फक्त दोघांना माहीत असायचं, राऊतबाईंना आणि वाळवीला.

सत्त्याण्णव सालच्या मे महिन्यात वाळवी पुढे गेली. मग औषध मारणारा माणूस बोलावला. त्याने पंपाने भिंती भिजवल्या, फडताळांवर पूड टाकली आणि जाताना बजावलं, "खोली तीन दिवस उघडू नका."

दुसऱ्याच दिवशी विधानसभेतून प्रश्न आला. सरकारी कार्यालयात आग लागली तर माणसं आधी चहा संपवतात, पण विधानसभेचा प्रश्न आला की सगळे उभे राहतात. चौऱ्याहत्तर सालची एक फाईल हवी होती. साहेब म्हणाले, "राऊतबाई, तुम्हीच जा. दुसऱ्याला सापडायची नाही."

बाई दीड दिवस त्या खोलीत होत्या. खिडकी उघडली की पूड उडायची, म्हणून खिडकी बंद. फाईल सापडली. मुंबईला गेली. पुढे छापील उत्तर आलं ते असं: 'माहिती संकलित करण्यात येत आहे.'

बाई तापाने पंधरा दिवस आडव्या होत्या. उठल्या, कामावर आल्या, आणि सदानंद तांब्यांच्या टेबलाजवळून जाताना भिंत धरून खाली बसल्या. सदानंद हा मनवेलपाड्याला राहणारा, मूळचा कोकणातला, अंगाला भरपूर पावडर लावून येणारा स्वच्छ माणूस. तो घाबरून उठला आणि बाईंना सावरायला आणखी जवळ गेला.

"लांब व्हा," बाई कशाबशा म्हणाल्या. "तुमचा वास येतोय."

सदानंदाला हे फार लागलं. तो दिवसातून दोनदा आंघोळ करायचा.

त्या दिवसापासून सुरुवात झाली. पावडरीने घसा आवळायचा. फिनेलने डोकं फुटायचं. ऑइलपेंट, डांबरगोळ्या, डासांची कॉइल, नेलपॉलिश, नव्या प्लॅस्टिकची खुर्ची, झेरॉक्स मशीनमधून निघालेला गरम कागद, यांतलं काहीही जवळ आलं की बाईंची जीभ जड व्हायची, हात थरथरायचे, समोरच्याचं नाव आठवायचं नाही. मग दोन दिवस अंथरूण. वाईट म्हणजे, सगळेच वास वैरी नव्हते. मोगऱ्याच्या टोपलीत तोंड घातलं तरी काही नाही. सुक्या बोंबलांच्या माळेखालून खुशाल जायच्या. पण लिंबाच्या सुगंधाचा साबण दाखवला की आडव्या.

कोण विश्वास ठेवणार? आमच्या ऑफिसात तर सगळे नाकतज्ज्ञ झाले.

"बोंबील चालतो आणि साबण चालत नाही?" एकजण म्हणाला. "हे नाक नाही, हा नखरा आहे."

"नाक मुरडायची सवय असते काहींना."

बाई ऐकायच्या. उत्तर द्यायला श्वास लागतो, आणि श्वास त्या जपून वापरायच्या.

डॉक्टर झाले. एकाने दमा सांगितला, एकाने वय काढलं, एकाने शक्तीचं औषध दिलं, ज्याला संत्र्याचा असा दणदणीत वास होता की बाई दवाखान्याच्या पायरीवरच बसल्या. शेवटी मुंबईच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि चिठ्ठीवर लिहिलं, 'मल्टिपल केमिकल सेन्सिटिव्हिटी'. म्हणजे बऱ्याच रसायनांचं वावडं.

"औषध?" नरहरीने विचारलं.

"औषध नाही. टाळायचं."

"काय काय टाळू?" बाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी खोलीभर नजर फिरवली. पडदे, रंग, फरशी, टेबल. म्हणाले, "जमेल तेवढं सगळं."

आजाराचं नाव इंग्रजी आणि लांबलचक आहे हे कळल्यावर ऑफिसात बाईंचा मान जरा वाढला. काही दिवस त्यांना मागून 'मल्टिपलबाई' म्हणत. मग ते लांब पडलं म्हणून पुन्हा राऊतबाई.

घरी मात्र टाळणं सुरू झालं. नरहरीने केळीवर फवारणी बंद केली आणि किडीशी हाताने लढायला लागला. बाईंची मुलगी क्षितिजा कॉलेजात जायची. तिने ऐन उमेदीच्या वयात सेंट, शाम्पू, नेलपॉलिश सोडलं आणि शिकेकाईवर आली. वर्तमानपत्र आलं की तिचं पहिलं काम म्हणजे ते मागच्या दारी तारेवर चिमटे लावून वाळत घालणं. शाईचा वास गेला की दुपारी आई बातम्या वाचणार. राऊतांकडे पेपर धुऊन वाचतात, अशी बातमी त्यामुळे पार सांडोर गावापर्यंत गेली होती.

शेजारच्या वाडीतली क्लेमेंटीन ही बाईंची लहानपणापासूनची मैत्रीण. रविवारी चर्चमध्ये मिस्साला जाताना ती सेंट लावायची, आणि ते सोडणं तिला धर्म सोडण्याएवढंच कठीण होतं. पण ती राऊतांच्या दारावरून जायचीच बंद झाली. मागच्या वाटेने जायची आणि माडांच्या पलीकडून ओरडायची, "सुभद्रे, आज मी वासाची हाय गो! लांबूनच बोलते!"

"बोल, बोल," इकडून बाई.

"डोकं कसं हाय?"

"आहे जाग्यावर."

"मग रहा तशीच. मी येताना आंघोळ करून येते."

एवढी साधी सोय. ती करायला क्लेमेंटीनला कोणताच नियम लागला नाही. सरकारला लागला.

दोन हजार एक साली आमचं कार्यालय नव्या इमारतीत हलवायचं ठरलं. आम्ही खूष. काचेच्या न उघडणाऱ्या खिडक्या, प्लायवूडचे कप्पे, सनमायका, भिंतींना चकचकीत रंग, साहेबांच्या केबिनमध्ये गालिचा, दोन वेळा फिनेल. उद्‌घाटनाआधी बघायला गेलो तेव्हा बाई फाटकापाशीच थांबल्या. आत गेलेले आम्हीही डोळे चोळत बाहेर आलो, पण आम्ही त्याला नवेपणा म्हणालो.

बाईंची मागणी एवढीच होती. जुन्या इमारतीत जुन्या फायली राहणारच होत्या, कारण त्या हलवायला कोणी तयार नव्हतं. तिथेच त्यांना बसू द्यावं. काम तेच, पगार तोच. अजून पंधरा वर्षं नोकरी होती आणि त्यांना ती करायची होती. रेकॉर्डवर त्यांचा जीव होता. फाईल मागितली की दोन मिनिटांत आणून टेबलावर हळूच ठेवायच्या, जणू बाळ झोपलंय.

साहेब म्हणाले, "माझी ना नाही. पण कुठल्या नियमाखाली?"

इथे सदानंद पुढे आला. पावडर प्रकरणाचा राग विसरून तो तोवर बाईंचा मित्र झाला होता, आणि पावडर सोडून त्याने तो त्याग वर्षभर सगळ्यांना ऐकवला होता. नियम म्हटला की त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं.

"पंच्याण्णव सालचा अपंगांचा कायदा!" तो म्हणाला. "नोकरीत असताना अपंगत्व आलं तर माणसाला काढता येत नाही. झेपेल असं काम द्यावं लागतं. राऊतबाई, चाळीस टक्क्यांचं सर्टिफिकेट आणा. पुढचं माझ्यावर सोडा."

"अपंग?" बाई म्हणाल्या. त्यांनी आपल्या हातापायांकडे पाहिलं. शब्द गळ्याखाली उतरायला त्यांना आठवडा लागला. मग म्हणाल्या, "चला. काही तरी म्हणू दे त्यांना, पण काही तरी म्हणू दे."

बोर्ड जिल्ह्याच्या ठिकाणी बुधवारी बसायचं. जायचं कसं? रिक्षात रेक्झिन, बसमध्ये डिझेल आणि शेजारणीचं तेल. शेवटी नरहरीने केळी वाहणारा टेंपो काढला. वर्ग तीनच्या शासकीय कर्मचारी सुभद्रा नरहरी राऊत, केळीच्या घडांवर पोतं टाकून, मागे तोंड करून, नाकाला ओला पंचा बांधून घोडबंदरच्या रस्त्याने निघाल्या. बरोबर सदानंद, मांडीवर कागदपत्रांची पिशवी घट्ट धरून. तिघं वेळेत पोचले, फक्त सदानंदाच्या पांढऱ्या शर्टाला केळीचा चीक लागला, जो पुढे कधीच निघाला नाही.

खिडकीवरच्या कारकुनाने विचारलं, "काय त्रास?"

"वासाचा."

"वास येत नाही?"

"येतो."

"येतो?" कारकुनाने मान वर केली. "मग अपंग कसल्या?"

"येतो तोच त्रास आहे."

"वसईच्या ना तुम्ही? सुकटीचा वास?"

"सुकटीचा नाही. औषधांचा, रंगाचा, फिनेलचा."

कारकुनाने थोडा विचार केला. बाईंच्या मागे रांग होती, त्याच्या पुढे फॉर्म होता, आणि फॉर्मवर रकाना होता, 'बाधित अवयव'. त्याने लिहिलं, 'नाक'. खालच्या रकान्यात, 'तक्रार' म्हणून, त्याच्या मते जे शहाण्या माणसाने म्हणायला हवं होतं ते लिहिलं. 'वास येत नाही.'

फॉर्म बंद पाकिटात बोर्डापुढे गेला. म्हणून आत काय चाललंय हे बाईंना कळलं तेव्हा उशीर झाला होता. नाक-कान-घशाचे डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी बाईंना डोळे मिटायला सांगितले आणि एकेक बाटली नाकाखाली धरली.

"कसला वास?"

"लवंग."

"छान. हा?"

"कॉफी."

"हा?"

"स्पिरिट," बाई म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता. "आणि या बाटलीत आधी आयोडीन होतं."

डॉक्टरांनी बाटली उलटी करून लेबल पाहिलं. "कमाल आहे! अहो, माझ्यापेक्षा तुमचं नाक चांगलं आहे!" त्यांनी आनंदाने लिहिलं, 'वास येतो. अपंगत्व शून्य टक्के.' लिहून वर बघतात तर खुर्ची रिकामी. बाई खाली फरशीवर.

बाईंना बाहेरच्या बाकावर झोपवलं. व्हरांडा नुकताच फिनेलने पुसला होता. सदानंद तिथून बाक उचलून अंगणात न्या म्हणून ओरडत होता आणि बाक जमिनीत पक्का बसवलेला होता. शेवटी त्याने आणि नरहरीने बाईंनाच उचलून झाडाखाली नेलं.

बोर्डावर मनोविकारांच्या एक तरुण डॉक्टर होत्या. त्या मागोमाग झाडाखाली आल्या, मातीत बसल्या, आणि सगळं नीट ऐकून घेतलं. मुंबईची चिठ्ठी वाचली.

"बाई, मला तुमचं पटतंय," त्या म्हणाल्या. "पण कायद्यात सात प्रकार आहेत. दृष्टी, ऐकणं, हातपाय, असे. यात तुम्ही कुठेच बसत नाही. सातवा प्रकार माझा आहे. मानसिक आजार. त्यात बसवू? चाळीस टक्के आत्ता देते."

सदानंद कानाशी कुजबुजला, "घ्या, राऊतबाई, घ्या! रकाना मिळतोय!"

बाई उठून बसल्या. पंचा सारखा केला. "त्यात लिहिणार काय?"

डॉक्टर जरा अडखळल्या. "की तुम्हाला वासांचा... म्हणजे वासांनी त्रास होतो असा भास होतो. असं काहीसं."

"वासाचा भास."

"हो."

बाईंनी मुंबईची चिठ्ठी परत घेऊन तिची घडी केली. मग म्हणाल्या, "मनाचा आजार असता तर घेतला असता हो. त्यात लाज नाही. माझ्या मावशीला होता. पण भास म्हटलं की वाळवीचं औषधही भासच झालं. मग त्या खोलीत मला कोणी पाठवलंच नाही."

"नोकरी जाईल, बाई," सदानंद म्हणाला.

"जाऊ दे. एवढ्यासाठी खोटं लिहून घेऊ?"

डॉक्टरांनी जबरदस्ती केली नाही. परत येताना सदानंद पूर्ण घोडबंदर रस्ता बाईंवर चिडला होता. चाळीस टक्के हातात येऊन परत करणारं माणूस त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं. गिरीजच्या फाट्याला उतरताना तो एवढंच म्हणाला, "तुमचं खरं आहे हो. पण खऱ्याला रकाना नाही."

शून्य टक्क्यांचा परिणाम उलटा झाला. त्याआधी साहेब निदान बिचकत होते. आता मेडिकल बोर्डानेच बाईंना धडधाकट ठरवलं होतं. सात दिवसांत नव्या इमारतीत रुजू व्हा, असा आदेश निघाला.

बाई रुजू झाल्या. सदानंदाने त्यांचं टेबल मागच्या जिन्याखाली, उघड्या बाजूला लावून दिलं. लेखी काही नाही, साहेबांच्या डोळेझाकीवर. बसायला जुनं लाकडी स्टूल. पावसाळ्यात फायलींवर प्लॅस्टिक घालायची सोय नव्हती, कारण प्लॅस्टिकचाही वास, म्हणून बाई फायलींवर केळीची पानं घालायच्या. वरून लोक हसायचे. "आज पंगत आहे का, राऊतबाई?"

"बसा की," त्या म्हणायच्या. "भात येतोय."

विनोद त्या करायच्या, पण दर वेळी जरा उशिरा, ओझं खाली ठेवून मग बोलावं तसं. जिन्यावरून रोज शंभर माणसं जायची आणि शंभर वास. तास दोन तास बरे जायचे. मग फिनेलवाली यायची. बाई उठून फाटकाबाहेर जाऊन उभ्या राहायच्या, वाळेपर्यंत. आठवड्यातले दोन दिवस घरी. अर्जित रजा संपली, अर्धपगारी संपली, मग बिनपगारी. मग साहेब बदलले. नव्या साहेबांना शिस्तीची आवड होती आणि जिन्याखाली टेबल हे शिस्तीत बसत नव्हतं. बाईंना वर, हॉलमध्ये, एका नव्या खुर्चीवर जागा मिळाली. खुर्चीचं प्लॅस्टिकचं कव्हर अजून काढलेलं नव्हतं.

सहा महिने त्यांनी तेही केलं. बाई बारीक झाल्या, बोलणं कमी झालं. एकदा मी म्हटलं, "बाई, पुन्हा बोर्डाकडे अर्ज करा." त्या म्हणाल्या, "करेन. पण आता वास आला तरी कोणता ते सांगायची ताकद नाही. यावेळी नापास होईन, म्हणजे पास होईन." आणि आम्ही दोघंही हसलो नाही.

दोन हजार पाच साली, चोवीस वर्षं नोकरी झाल्यावर, बाईंनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज सदानंदापुढे ठेवला. त्यात कारणाचा रकाना होता. बाईंनी लिहिलं होतं, 'वास'.

सदानंदाने कपाळाला हात लावला. "राऊतबाई, इथे 'घरगुती कारणास्तव' लिहितात. सगळे तेच लिहितात. ज्यांना घर नाही ते पण तेच लिहितात."

"माझं घर चांगलं आहे. घरचा काही दोष नाही."

अर्ज वर गेला आणि परत आला. शेरा होता, 'कारण सुस्पष्ट नाही.' बाईंनी लिहिलं, 'कार्यालयातील वास.' परत आला. 'कार्यालयास वास येत असल्याचे निदर्शनास आलेले नाही.' साहेबांच्या केबिनमध्ये तेव्हा गुलाबाच्या वासाचं एक यंत्र स्वतःच्या मर्जीने फुसफुसत असायचं. तिसऱ्यांदा बाईंनी सगळं लिहिलं. सत्त्याण्णव साल, वाळवी, बंद खोली, दीड दिवस. उत्तर आलं, 'आस्थापना शाखेने तपासून अभिप्रायासह सादर करावे.'

आस्थापना शाखा म्हणजे सदानंद. त्याने तो अर्ज चार दिवस टेबलावर ठेवला. जेवताना समोर, चहा पिताना समोर. आम्हाला वाटलं, चौथ्या दिवशी तो नेहमीसारखं 'मा. आदेशार्थ सादर' लिहून मोकळा होईल. त्याने पेनात शाई भरली आणि आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'अर्जदाराचे म्हणणे वस्तुस्थितीस धरून आहे. सदर प्रसंगी अधोस्वाक्षरीकर्ता कार्यालयात हजर होता. कार्यालयीन कामामुळे उद्भवलेल्या आजारामुळे अर्जदारास कार्यालयातील वास सहन होत नाहीत. मंजुरी द्यावी.'

साहेबांनी न वाचता सही केली. आदेशात तेच वाक्य जसंच्या तसं उतरलं, शिक्क्यासकट, जावक क्रमांकासकट.

बाईंनी कागद हातात घेतला, फाटकाबाहेर जाऊन वाचला, आणि सदानंदाला बोलावलं. मी जवळच होतो.

"सदानंदभाऊ," त्या म्हणाल्या, "हे वाक्य चार वर्षांपूर्वी लिहिलं असतं तर?"

"तर तुम्ही अजून जुन्या इमारतीत असता."

"मग लिहिलं का नाहीत?"

सदानंद नियम सांगणारा माणूस. पण या वेळी त्याने नियम सांगितला नाही. "तेव्हा तुम्ही राहायचं म्हणत होता, बाई," तो म्हणाला. "राहणाऱ्याचं खरं मानलं तर काहीतरी करावं लागतं. जाणाऱ्याचं मानायला कोणाचं काय जातं? मला पण आत्ताच धीर झाला."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. रागावतील असं वाटलं, पण राग यायलाही अंगात जोर लागतो.

"याच्या दोन सत्यप्रती द्या," त्या म्हणाल्या.

"कशाला?"

"एक त्या डॉक्टरबाईंना पाठवते. रकाना नसला तरी वाचतील. एक घरी ठेवते."

झेरॉक्स काढायला मी जात होतो, तर सदानंदाने मला थांबवलं. तो आत जाऊन बसला आणि दोन्ही प्रती हाताने लिहून काढल्या, जावक क्रमांकासकट. त्याला तास लागला. तोवर बाई फाटकाबाहेरच्या दगडावर बसून राहिल्या, डोळे मिटून. साडेतीनला कागद घेतले, पिशवीत घातले आणि घरी निघाल्या. पाच वाजले नव्हते, पण मस्टरवर कोणी शेरा मारला नाही.